कॉम्प्युटरच्या पाठीमागचे बनसोडे साहेब

बनसोडे साहेबांनी आमच्या कॉम्प्युटरचं तोंड आजतागायत पाहिलेलं नाही.

आले की दारात चपला काढायच्या, "कुठंय?" म्हणून विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता थेट टेबलामागे शिरायचं. मॉनिटरवर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. कॉम्प्युटरकडे पुढून बघणं हे त्यांच्या मते पाहुण्यांचं काम. "पुढनं सगळेच गोरेगोमटे दिसतात, शिंदे. मागं या." मी मागे जातो. मागे वायरींचा गुंता असतो, धूळ असते, आमच्या केतकीचा हरवलेला कंपास असतो आणि बनसोडे साहेबांचं अर्धं शरीर असतं. उरलेलं अर्धं टेबलाखाली गेलेलं असतं आणि तिथून सूचना येत असतात.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याच्या कालव्यावर शाखा अभियंता म्हणून त्यांची हयात गेली, त्यातली बरीचशी लोणी काळभोरच्या बाजूला. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ते राहतात, आम्ही दुसऱ्या. सोसायटीच्या मागून तोच कालवा जातो. निवृत्तीनंतर घर घ्यायला माणसं बाग बघतात, बाजार बघतात. साहेबांनी कालवा बघितला. अजूनही सकाळी खिडकीतून डोकावून, "आज पाणी कमी सोडलंय," असं कुणीही न विचारता सांगतात.

ही गोष्ट मोबाईलवर नुसता फोन आला तरी पैसे पडायचे त्या दिवसांतली. हिंजवडीत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि आमच्यासारख्यांना घरात कॉम्प्युटर नसला तर मुलीच्या आयुष्याचं नुकसान होईल असं वाटायला लागलं होतं. आमच्या केबलवाल्याने टीव्हीच्या जोडीला इंटरनेटही द्यायला सुरुवात केली. गच्चीवरून एक निळी वायर खिडकीतून घरात यायची आणि कॉम्प्युटरच्या मागे नेटवर्क कार्ड नावाची जी पट्टी बसवलेली असते, तिच्यात खोचायची. हे कार्ड कुठल्या ऑफिसात मिळतं आणि फोटो किती लागतात, असं मी विचारल्यावर केतकी फक्त "बाबा, प्लीज" एवढंच म्हणाली. त्यानंतर घरातल्या तांत्रिक चर्चांतून मला सन्मानाने वगळण्यात आलं.

पुढे ही निळी वायर सोसायटीतल्या निम्म्या घरांत शिरली आणि पाठोपाठ बनसोडे साहेबही शिरले.

त्याचं कारण असं, की इंटरनेट बंद पडलं म्हणून केबलवाल्याला फोन केला तर तिकडून "रीस्टार्ट करा" याखेरीज दुसरा शब्द यायचा नाही. साहेबांना हे सहन होईना. "रीस्टार्ट काय रीस्टार्ट! शेतकरी सांगतोय पाणी येत नाही, आणि तुम्ही त्याला सांगताय आंघोळ करून परत या!" मग त्यांनी कुठूनतरी पुस्तकं आणली, बुधवार पेठेतल्या दुकानांत उभं राहून दुकानदारांचं डोकं खाल्लं आणि महिन्याभरात नेटवर्क कार्ड या विषयात सोसायटीचे सल्लागार होऊन बसले. नेमणूक कुणी केली नव्हती. राजीनामा मागायची हिंमतही कुणात नव्हती.

त्यांची पद्धत सगळी कालव्याची. कालव्याला पाणी सुटलं की पहिलं पाणी शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला द्यायचं आणि मग खालून वर येत येत बाकीच्यांना, असा त्यांच्या खात्याचा नियम. वरचा शेतकरी आधी प्याला की खालच्याच्या वाट्याला नुसती वाट बघणं येतं. साहेबांनी हा नियम जसाच्या तसा आमच्या घरात आणला. केबलवाल्याचं ऑफिस म्हणजे हेड, गच्चीवरची वायर म्हणजे कालवा, आणि कॉम्प्युटरच्या पाठीतलं कार्ड म्हणजे टेल. "हेडला काय, कुणीही साहेब जाऊन फोटो काढून घेतो. बिघाड टेलला असतो. टेल बघा!"

कार्डाच्या पाठीला एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लागला की वायर जिवंत. बनसोडे साहेब हा दिवा लागेपर्यंत चहा घेत नाहीत. त्यामुळे आमच्या घरी त्यांच्यासाठी टाकलेला चहा बहुतेक वेळा मीच प्यायलोय.

एकदा आमचं कार्डच गेलं. साहेबांनी नवं आणवलं आणि खोक्यातून काढून आधी त्याची चौकशी सुरू केली. खोक्यावर एका कंपनीचं नाव, पट्टीवर चिकटवलेल्या कागदावर दुसऱ्या. साहेबांनी भिंग काढलं आणि पट्टीवरच्या काळ्या चौकोनी आयसीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. ते नाव तिसरंच निघालं. "हे खरं कूळ. बाकीचे हारतुरे. याच्याच नावाचा ड्रायव्हर घालायचा, नाहीतर कॉम्प्युटर त्याला ओळखच देणार नाही." मग पट्टीची सोनेरी कड त्यांनी खोडरबराने हलकेच घासली. स्वतःचं खोडरबर विसरल्यामुळे केतकीचं वापरलं. ते वासाचं होतं. आमच्या कार्डाला कित्येक दिवस स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

त्यानंतर साहेब मागे आणि आमची ही पुढे, असा संवाद झाला.

"वहिनी, काय दिसतंय?"

"पिवळं उद्गारचिन्ह."

"कशाच्या शेजारी?"

"इंग्रजीत आहे."

"मग वाचा की!"

"वाचते, पण तुम्ही टेबल हलवू नका. फुलदाणी पडेल."

"फुलदाणीला ड्रायव्हर लागत नाही, वहिनी. तुम्ही उद्गारचिन्ह बघा. गेलं का?"

"नाही."

"आता?"

"आता फुलदाणी गेली."

त्याच क्षणी मागे हिरवा दिवा लागला आणि साहेब खालून ओरडले, "हाय! पाणी हाय!" एरवी साहेब चारचौघांत शुद्ध बोलतात. आनंद झाला की लोणी काळभोरचे होतात.

साहेबांच्या दारासमोरच्या लिमयांना हे सगळं पाहवत नाही. जिन्यात साहेब पिशवी घेऊन दिसले की विचारतात, "काय बनसोडे, आज कुणाच्या पाठीमागे?" साहेब शांतपणे सांगतात, "तुमच्याच. परवा तुमचं बंद पडणार आहे." आणि परवा लिमयांचं खरोखर बंद पडतं. त्यात साहेबांचा हात नसतो, एवढं मी त्यांचा शेजारी म्हणून सांगू शकतो.

आता बनसोडेकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय साहेबांची गोष्ट अर्धी.

काकू सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखिका होत्या. बोलायला तिखट आणि नेमक्या. पण साहेब बोलता बोलता एकदा कालव्यावर गेले की परत यायला वेळ लागत असल्यामुळे काकूंना बोलायची संधी फारशी मिळायची नाही. निवृत्तीनंतर त्यांचं ऐकू येणं कमी होत गेलं आणि एका आजारपणानंतर बंदच झालं. कानाच्या यंत्राने फरक पडेना. तरी त्या बोलायच्या. मग एका लग्नात पंगतीत बसल्या असताना त्यांनी शेजारणीच्या कानात हळूच सांगितलं, की नवरीच्या शालूचा रंग पडदा शिवायला बरा होता. निदान त्यांना वाटलं हळूच. अख्खा हॉल वळून बघायला लागला. नवरीसुद्धा.

त्या दिवसापासून काकूंनी बोलणं सोडलं. आपला आवाज किती मोठा जातोय हे आपल्याला कळत नाही, या धास्तीने आधी बाहेर सोडलं, मग घरातही. जिन्यात भेटल्या की हसायच्या, मान हलवायच्या. आम्हाला वाईट वाटायचं. पण वाईट वाटून आपण करतो काय, तर आपणही मान हलवतो.

साहेबांचा मात्र इथे खरा कस लागला. ज्या माणसाने जन्मभर पाणी पोचवलं त्याला आता स्वयंपाकघरापर्यंत एक वाक्य पोचवता येईना. एके दिवशी त्यांनी मिशी काढली. त्यांची मिशी म्हणजे सोसायटीची खूण होती. गेटवर पत्ता विचारणाऱ्याला वॉचमन "मिशीवाल्या साहेबांच्या वर" असा आमचा पत्ता सांगायचा. बोडक्या ओठाचे साहेब बघून लिमये गंभीर झाले, सदरा बदलून आले आणि साहेबांच्या हॉलमध्ये, बुद्धाच्या तसबिरीखाली हात जोडून बसले. "फार वाईट झालं. कोण गेलं?"

"मिशी," साहेब म्हणाले. "आमच्यात सुतकात मिशी काढत नाहीत, लिमये. हिला माझे ओठ दिसावेत म्हणून काढली."

पण मिशी गेल्यावर कळलं, की साहेब बोलताना ओठ हलवतच नाहीत. आयुष्यभर कालव्याच्या कडेला चिलटांत उभं राहून बोललेला माणूस. तोंड उघडलं की चिलट आत, म्हणून दातांतल्या दातांत बोलायची सवय लागलेली. काकू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या आणि शेवटी हात उडवायच्या. मग साहेबांनी पाटी आणली. पाटीवर त्यांनी लिहिलेलं काकूंना लागेना. जन्मभर साहेबांच्या अक्षरातले अहवाल वाचायला खात्यात वेगळा माणूस होता म्हणे.

आणि मग बुधवार पेठेतून दोन जुने कॉम्प्युटर आले. एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत. मधे भिंतीच्या कडेने एक वायर. त्या वायरीचा इंटरनेटशी काही संबंध नव्हता. हे जाळं फक्त दोघांचं. कॉम्प्युटरमध्ये गप्पांचा एक छोटा प्रोग्रॅम आधीपासून असतो. त्यात खिडकीचे दोन भाग, वर आपण टाइप करायचं, खाली समोरच्याचं उमटत राहतं, तेही अक्षरागणिक. साहेबांनी त्यात सरकारी टाइपरायटरच्या कळांचा मराठी फॉन्ट घातला.

मी एकदा त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा हा प्रकार पाहिला. साहेब तर्जनी उगारून कळा शोधत होते. "आज संध्याका" एवढं होईपर्यंत खालच्या भागात आतून उत्तर सरसर उमटलं: "शेवग्याची आमटी. आणि शिंदे आलेत तर त्यांना लाडू द्या, मागच्या खेपेस तुम्ही सगळे खाल्लेत." साहेबांनी "मी नाही" टाइप करायला घेतलं. "मी" झाल्यावर उत्तर आलं: "तुम्हीच."

"बघितलं?" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "चाळीसचा स्पीड आहे तिचा. एवढी वर्षं मी बोललो, आता वसुली चाललीय." तक्रार करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

म्हणजे आता तुम्हाला कळलं असेल, की एका रविवारी सकाळी साहेब स्वतः माझ्या दारात उभे राहून "शिंदे, जरा बॅटरी धरायला येता का?" म्हणाले, तेव्हा मी दाढी अर्धवट टाकून का गेलो. साहेबांना बॅटरी धरायला कुणी लागत नाही. ती ते दातांत धरतात.

त्याच्या दोन दिवस आधी विजेचा दाब कमीजास्त झाला होता. तेव्हापासून त्या दोन कॉम्प्युटरमधला हिरवा दिवा विझला होता. दोन्हीकडचा. सोसायटीभरचे दिवे लावणाऱ्या माणसाच्या घरात अंधार. साहेबांनी आतल्या खोलीतल्या, म्हणजे काकूंच्या कॉम्प्युटरचं कार्ड काढून, घासून, परत बसवलं होतं. मग नवं आणून बसवलं होतं. त्याचं कूळ भिंगाने दोनदा तपासलं होतं. मधली वायर बदलली होती. आता अख्खा डबा उघडा पडला होता आणि त्याची आतडी पलंगावर पसरली होती. काकू दारात उभ्या होत्या. नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

"परवापासून बोलणं नाही आमचं," साहेब डब्यात डोकं घालून म्हणाले. "काल तिनं काहीतरी विचारलं खुणेनं. मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. तेव्हापासनं ती आत बसून आहे." डोकं बाहेर न काढताच पुढे म्हणाले, "परत पहिल्यासारखं व्हायला नको, शिंदे."

मी बॅटरी धरली. साहेबांनी कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. दिवा नाही. पहिल्या खाचेत परत आणलं. दिवा नाही. केशराच्या काडीला जपावं तसं वायरीचं टोक फुंकून खोचलं. दिवा नाही.

मला यातलं काही कळत नाही हे सर्वमान्य आहे. तरी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "साहेब, हॉलमधला बघितला का? तुमचा?"

साहेबांनी डोकं बाहेर काढलं. सहायकाने दौऱ्याचा हिशेब मागितला की वरिष्ठ बघतात, तसं माझ्याकडे पाहिलं. "ते हेड आहे. हेडला मी स्वतः बसतो. तिथं काय व्हायचंय? चोरी, फूट, गाळ, सगळं खाली असतं. टेलला." आणि पुन्हा काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. स्क्रू काढला. कार्ड परत बाहेर. माझा हात अवघडला. काकू दारातून एकदा हॉलकडे बघायच्या, एकदा साहेबांच्या पाठीकडे. एकदा त्यांनी हॉलकडे बोट दाखवलं. साहेबांची पाठ होती. पाठीला काय दिसणार?

साहेबांनी ते कार्ड उलटं करून खोडरबर हातात घेतलं, आणि तेवढ्यात खोलीत स्फोट झाला.

"अहो, दोन दिवस माझंच काय उचकताय! तुमचं बघा की आधी!"

माझ्या हातातली बॅटरी पडली. खिडकीतून दिसलं, खाली वॉचमनने वर पाहिलं. वरच्या मजल्यावर आमच्या हिने कपाट उघडलं होतं ते तसंच धरून ठेवलं, असं तिने मला नंतर सांगितलं. काकूंनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

साहेब जमिनीवर बसलेले, तसेच राहिले. खोडरबर हातात. मग अतिशय सावकाश वळले आणि आपला कान पुढे करून हाताने खूण केली. परत.

काकूंनी मान हलवली. नाही.

साहेबांनी परत खूण केली.

"मोठ्यानं झालं ना?" काकूंनी विचारलं. तेही मोठ्यानं झालं.

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"खोटं सांगू नका. शिंद्यांची बॅटरी पडली."

"माझी सारखीच पडते, काकू," मी म्हणालो, आणि ते त्यांना ऐकू येणार नाही हे लक्षात आल्यावर बॅटरी उचलून मुद्दाम परत पाडून दाखवली. घरात मला बावळट म्हणतात ते अगदीच निराधार नाही. पण काकू हसल्या. हसण्याचाही मोठा आवाज झाला, आणि तो त्यांना कळलाच नाही.

आणि मग त्या बोलायला लागल्या. पाटाला पाणी सुटावं तसं म्हणायचा मोह होतोय, पण ती साहेबांची भाषा, मी वापरत नाही. काल खुणेनं त्यांनी विचारलं होतं की धाकट्या बहिणीला आठ दिवस राहायला बोलवू का, आणि साहेब हो म्हणाले होते, त्यातून आता मागे सरता येणार नाही. मिशी परत ठेवा, बिनमिशीचा माणूस सकाळी उठल्याउठल्या बघवत नाही. लिमयांच्या घरातला कुकर बिघडलाय, वास येतो. हे सगळं बहुधा लिमयांनीही ऐकलं. साहेब खाली बसून तोंडाकडे बघत होते, आणि कालव्यावर गेले नाहीत.

"चहा ठेवते," काकू म्हणाल्या आणि बोलत बोलतच स्वयंपाकघरात गेल्या.

आम्ही दोघं हॉलमध्ये आलो. साहेबांचा कॉम्प्युटर भिंतीला लावून ठेवलेला होता. मी तो थोडा पुढे ओढला आणि मागे वाकून डब्याच्या उघड्या बाजूतून बॅटरी मारली. माझ्यासारख्यालाही दिसलं. कार्ड खाचेत तिरकं बसलं होतं. एका बाजूने वर उचललेलं. त्याचा स्क्रूच नव्हता. विजेचा यात काही हात नव्हता; मध्ये कधीतरी धूळ काढताना साहेबांनीच काढला असणार आणि लावायचा राहिला असणार.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला एक बिघाड सापडला होता. केतकीला काय काय सांगायचं ते माझ्या मनात जुळायलाही लागलं.

"साहेब," मी कुजबुजलो, खरं तर कुजबुजायचं कारण नव्हतं, "हे नुसतं सैल झालंय. दाबलं की बसेल." आणि मी हात घातला.

साहेबांनी माझं मनगट धरलं.

"दाबू नका."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कार्डाकडे बघतच नव्हते. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येत होता, साखरेचा डबा कुणी वरच्या फळीवर ठेवला म्हणून विचारत होता.

काकू चमचा हातात घेऊन दारात आल्या. "सापडलं का काही?"

साहेबांनी पडलेल्या चेहऱ्याने मान हलवली. नाही. चांगली दोनदा हलवली. मग गुडघ्याने कॉम्प्युटर हळूच मागे सरकवला, पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि काकूंनी विचारायच्या आतच दोन बोटं वर करून चहात किती साखर हवी ते सांगितलं.

"एकच मिळेल," काकू म्हणाल्या, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात.